वाचक विचारतात : जठरातला जंतू नेमका पकडायचा कसा?

जठराची सूज म्हणजे गॅस्ट्रायटिस असलेल्या माणसात एच. पायलोरी हा जंतू आहे की नाही, हे कसं ठरवायचं, याबद्दल सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रं आली आहेत. त्यांतली काही निवडून इथे दिली आहेत. उत्तरं पोटविकार आणि सूक्ष्मजीवशास्त्र या दोन शाखांतल्या डॉक्टरांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : माझं वय ३४. सहा महिन्यांपासून छातीखाली जळजळ आणि करपट ढेकरा येतात. डॉक्टरांनी जठराला सूज आहे म्हणून गोळ्या दिल्या. घेतल्या की बरं वाटतं, सोडल्या की पुन्हा तेच. मित्राच्या सांगण्यावरून मी लॅबमध्ये रक्त दिलं, तर ‘एच. पायलोरी आयजीजी पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट आला. मेडिकलमध्ये १४ दिवसांचं किट मिळतं म्हणे. घेऊ का? — एक वाचक, कोरेगाव

उत्तर : घेऊ नका, कारण तुमचं निदान अजून झालेलंच नाही. रक्तातल्या आयजीजी चाचणीत जंतू दिसत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं दिसतात. जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने, कधी कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. त्यामुळे हा जंतू तुमच्या पोटात कधीतरी येऊन गेला किंवा आजही आहे, यापलीकडे हा रिपोर्ट काही सांगत नाही. आपल्याकडे लहानपणीच घरातल्या घरात ही लागण होते आणि ती फार सर्रास आहे. एवढ्या रिपोर्टवर दोन-तीन अँटिबायोटिक पोटात घालणं चुकीचं आहे.

या जंतूचं पूर्ण नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. जठराच्या अस्तरावर जो चिकट श्लेष्माचा थर असतो, त्यात तो राहतो. आम्लात तग धरण्यासाठी तो युरिएज नावाचं विकर भरपूर प्रमाणात बनवतो. हे विकर युरियाचं रूपांतर अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये करतं, आणि अमोनियामुळे जंतूभोवतीचं आम्ल सौम्य होतं. ही क्रिया लक्षात ठेवा. श्वासाची चाचणी आणि दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यावरची झटपट चाचणी, दोन्ही तिच्यावरच उभ्या आहेत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये हा जंतू प्रयोगशाळेत वाढवला. त्यासाठी त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं. म्हणून तो खरोखर असेल तर काढायलाच हवा, पण आधी तो आहे हे सिद्ध व्हायला हवं.

तुमच्या वयाला, धोक्याचं लक्षण नसेल तर, दुर्बीण न घालता श्वासाची किंवा शौचाची अँटिजेन चाचणी (शौचातले जंतूचे अंश शोधणारी) पुरते. धोक्याची लक्षणं अशी : कारण नसताना वजन घटणं, घास अडकणं, वारंवार उलट्या, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच, रक्त कमी असणं, किंवा आई-वडील-भावंडांत कोणाला जठराचा कर्करोग झालेला असणं. यांतलं एकही असेल तर थेट एंडोस्कोपी करायची. पन्नाशीच्या पुढे नव्याने त्रास सुरू झाला असेल तरीही तसंच.

आणखी एक, अंगदुखीच्या गोळ्या नेहमी घेता का? डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांनी जंतू नसतानाही जठराला सूज येते. ऊसतोडीच्या आणि द्राक्षाच्या हंगामात पाठदुखीसाठी अशा गोळ्या पुडीत बांधून घेणारे खूप जण असतात, आणि डॉक्टरांना हे सांगायचं राहून जातं.

प्रश्न : सांगलीला श्वासाची तपासणी केली, निगेटिव्ह आली. पण त्रास तसाच आहे. तपासणीच्या आदल्या रात्रीपर्यंत मी रॅबेप्राझोलची गोळी घेत होतो. कोणी त्याबद्दल विचारलं नाही. रिपोर्टवर भरवसा ठेवायचा का? — द्राक्षबागायतदार, तासगाव

उत्तर : नाही. ही चाचणी पुन्हा करावी लागेल. गॅस्ट्रायटिसच्या रुग्णांत निदान सर्वांत जास्त वेळा इथेच फसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल या गोळ्या आम्ल जवळजवळ बंद करतात. आम्ल घटलं की जठराच्या खालच्या भागातले जंतू कमी होतात, उरलेले वरच्या भागाकडे सरकतात आणि त्यांचं युरिएजही मंदावतं. जंतू मरत नाही, चाचणीला सापडत नाही इतकंच. या गोळ्या चालू असताना केलेल्या श्वासाच्या चाचणीत लागण असलेल्या दहा जणांपैकी एक ते चार जण खोटे निगेटिव्ह येऊ शकतात. नव्याने आलेल्या व्होनोप्राझानचंही असंच आहे. उलट बाजूही लक्षात घ्या : गोळी चालू असूनही चाचणी पॉझिटिव्ह आली, तर ती बहुधा खरी असते. फसवतो तो निगेटिव्ह रिपोर्ट.

म्हणून आधी तारखा ठरवायच्या. चाचणीआधी अँटिबायोटिक आणि बिस्मथ (या जंतूवरच्या कोर्समधलं एक औषध) बंद करून चार आठवडे झालेले हवेत, प्राझोल कुळातल्या गोळ्या बंद करून दोन आठवडे, आणि आम्ल कमी करणारी फॅमोटिडिन बंद करून दोन दिवस. समजा चाचणी ३० तारखेला आहे. तर शेवटची अँटिबायोटिक गोळी १ तारखेला किंवा त्याआधी, शेवटची रॅबेप्राझोल १५ तारखेला आणि शेवटची फॅमोटिडिन २७ च्या रात्री. मधल्या पंधरवड्यात जळजळ उसळते, कधी आधीपेक्षाही जास्त. कारण दाबून ठेवलेलं आम्ल काही दिवस जोरात सुटतं. हा आजार वाढल्याचा पुरावा नव्हे. त्या काळात पातळ अँटासिड घेता येतं, चाचणीच्या दिवशी मात्र तेही नको. द्राक्षाची काढणी तोंडावर आली म्हणून आठव्या-नवव्या दिवशीच चाचणी उरकून घेऊ नका. त्यापेक्षा ती हंगामानंतर करा.

गोळ्या बंद केल्या असं सांगूनही पोटात प्राझोल जात असते, हेही वारंवार दिसतं. अंगदुखीच्या कित्येक कॅप्सूलमध्ये ॲसिक्लोफेनॅकबरोबर रॅबेप्राझोल असतं. पित्ताची म्हणून मिळणारी गोळी म्हणजे अनेकदा पॅन्टोप्राझोल आणि डॉमपेरिडोन. पाकिटावर पुढे छापलेलं नाव पाहू नका. मागची बारीक अक्षरं वाचा, किंवा सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. अँटिबायोटिकचंही तेच. दाढ काढताना दिलेलं अमॉक्सिसिलिन, घसा धरला म्हणून घेतलेलं अझिथ्रोमायसिन, जुलाबासाठीची ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी, ही सगळी अँटिबायोटिकच आहेत. लोक त्यांना ‘साध्या गोळ्या’ समजतात आणि सांगत नाहीत.

एक सूचना मात्र कडक आहे. हृदयाला स्टेंट बसवलेला असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा अल्सरमधून पूर्वी रक्त गेलं असेल, तर प्राझोल स्वतःच्या मनाने बंद करू नका. अशा रुग्णांत ती जठराचं संरक्षण करत असते. चाचणी कशी आणि केव्हा करायची हे डॉक्टरच ठरवतील.

आता चाचणीच्या दिवशी काय होतं ते. सहा तास उपाशी राहायचं, तंबाखू-विडी-सिगारेट नाही. कार्बन १३ ची पद्धत असेल तर आधी एका पिशवीत श्वास सोडायला सांगतात. मग कार्बन १३ ची खूण असलेला ७५ मिलिग्रॅम युरिया घातलेलं आंबट पेय देतात. ते आंबट असतं कारण सायट्रिक आम्लामुळे जठर उशिरा रिकामं होतं आणि युरिया तिथे पुरेसा वेळ थांबतो. ३० मिनिटं शांत बसून दुसरी पिशवी भरायची. जंतू असेल तर त्याचं युरिएज युरिया फोडतं आणि खूण केलेला कार्बन श्वासातून बाहेर येतो. दोन्ही पिशव्यांतला फरक मोजतात. बऱ्याच यंत्रांत ४ च्या आसपास सीमारेषा असते. आकडा २ ते ५ च्या मध्ये असेल तर तो संदिग्ध समजून चाचणी पुन्हा करावी. म्हणून रिपोर्टवर फक्त ‘निगेटिव्ह’ न घेता आकडाही मागून घ्या.

कार्बन १४ च्या पद्धतीत पाण्याबरोबर कॅप्सूल गिळायची असते. ती चावू नये आणि तोंडात घोळवू नये. तोंडातल्या इतर जंतूंकडेही युरिएज असतं, त्याने खोटा पॉझिटिव्ह रिपोर्ट येतो. त्यात किरणोत्सर्ग असतो, पण निसर्गातून एका दिवसात मिळतो त्याहूनही कमी. तरीही गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी ही पद्धत वापरत नाहीत, त्यांना कार्बन १३ चालते.

नीट तयारी करून केलेल्या श्वासाच्या चाचणीची अचूकता ९५ टक्क्यांच्या आसपास असते. पूर्वी जठराचं ऑपरेशन झालेल्यांत ती कमी पडते, कारण युरिया जठरात थांबतच नाही.

प्रश्न : आमच्या सासूबाईंसाठी शौचाची तपासणी सांगितली आहे. गावात लॅब नाही, नमुना जतहून मिरजेला पाठवावा लागतो. कसा घ्यायचा, किती घ्यायचा? — एक गृहिणी, जत

उत्तर : हरभऱ्याच्या दोन-तीन दाण्यांएवढा नमुना पुरतो. लॅबकडून झाकणाची कोरडी डबी आणा. नमुना थेट संडासच्या भांड्यातून उचलू नका. आधी प्लॅस्टिकचा कागद किंवा स्वच्छ कोरडं भांडं धरा, म्हणजे पाणी, लघवी आणि फिनेल लागणार नाही. डबीसोबतच्या चमच्याने तीन वेगवेगळ्या ठिकाणचा थोडा थोडा भाग घ्या, झाकण घट्ट लावा, नाव, तारीख आणि वेळ लिहा. डबीत फॉर्मॅलिन किंवा कुठलंही औषध नको, त्याने अँटिजेन बिघडतं.

जत ते मिरज हे अंतर मोठं नाही, पण उन्हाळ्यात एसटीच्या टपावर किंवा गाडीच्या डिकीत दुपारभर डबी राहिली की नमुना खराब होतो. २ ते ८ अंश तापमानात, म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, तो साधारण तीन दिवस टिकतो. नेताना बर्फाच्या पिशवीसोबत थर्मासमध्ये ठेवा. सर्वांत सोपं म्हणजे सकाळचा नमुना त्याच सकाळी पोचवणं.

लॅबला दोन गोष्टी विचारा. ‘अँटिजेन’ची चाचणी करता ना? शौचाची साधी तपासणी केली तर तिच्यात हा जंतू दिसत नाही. आणि ती ‘मोनोक्लोनल’ पद्धतीची आहे का? ही पद्धत जास्त अचूक असते, जवळपास श्वासाच्या चाचणीइतकी. पट्टीवरची झटपट चाचणी सोयीची असली तरी थोडी कमी भरवशाची. गोळ्या बंद ठेवण्याचे नियम तासगावच्या उत्तरात दिले तेच. अन्नाचं पथ्य किंवा उपवास नाही.

प्रश्न : महापुराचं पाणी ओसरल्यावर आमच्या वाडीत सगळ्यांना जुलाब झाले होते. तेव्हापासून मला जठराचा त्रास आहे. हा तोच जंतू का? — एक वाचक, पलूस

उत्तर : बहुधा नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कृष्णाकाठी ज्या जुलाबांची भीती होती, त्यामागे आतड्यांत वाढणारे इतर जंतू असतात. एच. पायलोरी जठरात राहतो, त्याने साथीसारखे जुलाब होत नाहीत. जुलाब चालू असताना मात्र शौचाची अँटिजेन चाचणी करू नका. पातळ शौचात अँटिजेन विरळ होऊन खोटा निगेटिव्ह रिपोर्ट येऊ शकतो. शिवाय जुलाबासाठी अँटिबायोटिक घेतलं असेल तर पुढचे चार आठवडे थांबायचंच आहे.

प्रश्न : वडिलांचं वय ५८. वजन पाच किलो कमी झालं. एंडोस्कोपीत ‘अँट्रल गॅस्ट्रायटिस, आरयूटी निगेटिव्ह’ आलं. डॉक्टर म्हणाले जंतू नाही, पण काही तुकडे पुढे पाठवलेत. दादा, म्हणजे वडील, आता दुसऱ्यांदा दुर्बीण घालून घ्यायला तयार नाहीत. निगेटिव्ह आलंय तर थांबलं तर चालेल ना? — एक मुलगा, दहिवडी

उत्तर : तुकड्यांचा रिपोर्ट येईपर्यंत काहीही गृहीत धरू नका. तो रिपोर्टच दादांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. वय आणि वजन पाहता तुमच्या डॉक्टरांनी तुकडे पाठवून योग्यच केलं.

आरयूटी म्हणजे झटपट युरिएज चाचणी. जठराच्या अस्तराचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकतात. त्यात युरिया आणि रंगसूचक असतो. युरिएज असेल तर अमोनिया तयार होऊन पिवळा रंग गुलाबी होतो. जंतू भरपूर असतील तर तासाभरातच रंग बदलतो, पण निगेटिव्ह म्हणण्याआधी २४ तास वाट पाहावी लागते. त्यापुढे मात्र पाहू नये, कारण इतर जंतूही तुकड्यावर वाढून रंग बदलू शकतात. खोटं निगेटिव्ह येण्याची कारणं ठरलेली आहेत : प्राझोल चालू असणं, जठरात रक्त असणं, एकाच जागचा तुकडा घेणं. आणि एक कारण ज्याकडे फारसं लक्ष जात नाही : ज्या चिमट्याने आधी फॉर्मॅलिनमध्ये तुकडा टाकला, त्याच चिमट्याने नंतर जेलमध्ये तुकडा टाकणं. फॉर्मॅलिनचा अंशही युरिएज निकामी करतो. म्हणून जेलमधला तुकडा आधी टाकायचा.

सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी पाच तुकडे घेण्याची पद्धत मानली जाते. जठराच्या खालच्या तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर आत, अँट्रमच्या (जठराच्या खालच्या भागाच्या) लहान आणि मोठ्या वळणावरून एकेक, मधल्या खाचेतून एक आणि वरच्या भागाच्या दोन्ही वळणांवरून एकेक. अँट्रमचे आणि वरच्या भागाचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत हवेत. प्राझोल घेणाऱ्यात जंतू वरच्या भागात सरकलेले असतात, त्यामुळे फक्त अँट्रमचे तुकडे घेतले तर ते निसटतात. तुकडे काढताना दुखत नाही, अस्तराला तशी वेदना नसते.

रिपोर्टमध्ये काय पाहायचं? जंतू दिसले की नाही आणि जिएम्सासारखा खास रंग लावून पाहिलं का. सूज जुनी आहे की चालू, म्हणजे न्यूट्रोफिल पेशी आहेत का. चालू सूज असून जंतू दिसत नसतील तर ते प्राझोलमुळे लपलेले असण्याची शंका घेऊन नंतर श्वासाची चाचणी करावी. ती दुर्बिणीशिवाय होते, दादांची हरकत नसेल. आणि शेवटचं, ‘ॲट्रॉफी’ किंवा ‘इंटेस्टायनल मेटाप्लेशिया’ हे शब्द आहेत का. असतील तर अस्तर झिजलेलं किंवा बदललेलं आहे. तेव्हा जंतू काढल्यावरही ठरावीक काळाने दुर्बिणीतून लक्ष ठेवायचं की नाही, हे डॉक्टरांना विचारायचं. अस्तर फार झिजलं असेल तर त्यावर जंतू कमी राहतात आणि सगळ्याच चाचण्या निगेटिव्ह येऊ शकतात. रक्ताची आयजीजी चाचणी कामाला येते ती अशा मोजक्या ठिकाणी.

आणि वजन का घटलं याचं उत्तर मिळालं का? जंतू सापडला तरी ते उत्तर मिळाल्याशिवाय तपास संपवू नका.

प्रश्न : कांदा-लसूण मसाल्याने हा जंतू वाढतो का? — वाई

उत्तर : नाही. तिखटाने जळजळ वाढू शकते, जंतू वाढत नाही. तपासणीसाठी तिखट बंद करण्याची गरज नाही.

प्रश्न : १४ दिवसांचा कोर्स पूर्ण केला. शौच काळी झाली होती म्हणून घाबरलो. आता बरं वाटतं. तपासणी परत करायची का, आणि घरच्यांचीही करायची का? — एक वाचक, कराड

उत्तर : करायचीच. बरं वाटणं हा जंतू गेल्याचा पुरावा नाही. कोर्समध्ये आम्ल कमी करणारी गोळी असते, त्यामुळे जंतू असूनही पोट शांत राहतं. शेवटच्या अँटिबायोटिकनंतर किमान चार आठवडे आणि प्राझोलनंतर दोन आठवडे थांबून श्वासाची किंवा शौचाची अँटिजेन चाचणी करा. रक्ताची नको, ती बराच काळ पॉझिटिव्हच राहते.

काळी शौच आणि काळी जीभ बिस्मथमुळे होते. कोर्स थांबला की काही दिवसांत रंग निवळतो. लोहाच्या गोळ्यांनीही तसंच होतं. डांबरासारखी, चिकट आणि उग्र वासाची शौच, सोबत चक्कर किंवा धाप असेल, तर मात्र लगेच दवाखान्यात जा.

चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह आली तर तोच कोर्स परत घेऊ नका. जंतू त्या औषधांना दाद देत नसावा. पहिल्यांदा क्लॅरिथ्रोमायसिन असेल तर पुढच्या वेळी ते टाळतात. अझिथ्रोमायसिन पूर्वी अनेकदा घेतलं असेल तर तेही सांगा, दोघांच्या प्रतिकाराची जात एकच आहे. बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि प्राझोल असा चौकडीचा कोर्स असेल, तर टेट्रासायक्लिनच्या जागी डॉक्सिसायक्लिन घेऊ नका, त्याचा परिणाम कमी पडतो. टेट्रासायक्लिन दुधासोबत किंवा लोहाच्या गोळीसोबत घेतलं तर नीट शोषलं जात नाही. कोर्स फसण्याचं आणखी एक मोठं कारण गोळ्या चुकणं हे आहे. तुमच्या किती चुकल्या ते डॉक्टरांना खरं सांगा, त्यावर पुढची औषधं ठरतात.

घरच्यांत कोणाला जठराचा त्रास, जुना अल्सर किंवा कारण न सापडलेलं लोहाच्या कमतरतेचा पांडुरोग (रक्त कमी असणं) असेल, तर त्यांची तपासणी करा. पोट दुखतं म्हणून लहान मुलांची सरसकट तपासणी करू नका. मुलांत पोटदुखीचं कारण क्वचितच हा जंतू असतो, आणि संशय खराच असेल तर निर्णय बालरोगतज्ज्ञांचा. घरात कोणी गरोदर असेल तर उपचार बहुधा बाळंतपणानंतरच करतात, टेट्रासायक्लिन तर त्या काळात देतच नाहीत. त्यामुळे तिची तपासणी घाईने करून घेण्यात फायदा नाही.